घोड्यावरून पडणारा माणूस आणि त्याच्या नकला

शिवराई जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: तांब्याच्या नाण्यावरचा मजकूर पूर्ण असतोच असं नाही, आणि शुद्ध तर नसतोच. 'शिव'चा 'सिव' होतो, 'छत्रपति'चा 'पति' चकतीबाहेर राहतो. एवढी नजर तयार असेल, तर चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझच्या नाण्यांकडे वळायला हरकत नाही.

इ.स. ३४८ च्या सुमारास रोमन सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा आणि त्याचा भाऊ व सहसम्राट कॉन्स्टान्स यांनी नवी नाणी काढली. मागच्या बाजूला लिहिलं होतं 'फेल टेम्प रेपारातिओ', म्हणजे 'सुखाचे दिवस परत आले'. (सरकारी घोषणा तेव्हाही अशाच!) या मजकुराखाली चित्रं बरीच आली, पण सगळ्यांत जास्त चाललं ते एक: ढाल घेतलेला रोमन सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्यानं भोसकतोय.

असं नाणं हाती आलं की आधी चित्राच्या तळाशी, आडव्या रेघेखाली बघायचं. तिथे टांकसाळीची खूण असते: ट्रियरसाठी 'टीआर', अलेक्झांड्रियासाठी 'एएलई', कॉन्स्टँटिनोपलसाठी 'सीओएनएस'. सम्राटाचं नाव झिजून गेलं असलं, तरी ही दोन-चार अक्षरं आणि मागचं चित्र यांवरून पुष्कळदा काम भागतं. चेहऱ्यावर मात्र विसंबू नये. त्या काळात सगळे सम्राट एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

खरी मजा आहे या नाण्यांच्या, त्याच काळात लोकांनी पाडलेल्या नकलांमध्ये. माझ्याकडे एक आहे, मसुराच्या दाण्याहून जेमतेम मोठी. भिंगाखाली धरली की सैनिक दिसतो, पण त्याचे पाय म्हणजे दोन काड्या. घोड्याचा कुत्रा झालाय. पडणाऱ्या माणसाचा उरलाय फक्त वर केलेला हात. अक्षरांच्या जागी उभ्या रेघा ओळीनं मारल्यात, कारण ठसा कोरणाऱ्याला तिथे 'काहीतरी लिहिलेलं असतं' एवढंच ठाऊक होतं.

या नकला ब्रिटन आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, ढिगांनी सापडतात. लंडनची टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली होती, त्यामुळे ब्रिटनला नाणी समुद्रापलीकडून यायची. सरकार नाणी पाडायचं ते मुख्यतः सैन्याचे पगार आणि स्वतःचा खर्च भागवायला. बाजारात मोड कमी पडली तर ती सरकारची अडचण नव्हती. त्यात ३५० मध्ये मॅग्नेन्टियस या रोमन सेनानीनं बंड करून पश्चिमेकडचा भाग बळकावला. ३५३ मध्ये त्याचा पाडाव झाला, त्याची नाणी बाद ठरली आणि नव्या नाण्यांचा पुरवठा अपुरा पडला. मग लोकांनी आपलीच पाडली. काही नकला तर मॅग्नेन्टियसच्याच बाद नाण्यांवर ठोकलेल्या आढळतात आणि त्याचा जुना ठसा खालून डोकावतो. माझ्या मते यांना सरसकट 'खोटी नाणी' म्हणणं अन्याय आहे. मसुराएवढं नाणं अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारता येणार? देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते काय आहे ते कळत असणार.

मग नक्कल ओळखायची कशी? नुसत्या वजनावर जाऊ नका, सरकारी नाणीही पुढे पुढे हलकी होत गेली. अक्षरांचा क्रम बिघडलाय का, चकती ठशापेक्षा लहान आहे का, हे बघा. आजच्या काळातली बनावट हा निराळा प्रकार: ती बहुधा ओतीव असते, कडेला साच्याची शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण अशीच नाणी तामिळनाडूत मदुराई आणि करूरच्या नदीपात्रांत मिळाली आहेत आणि श्रीलंकेत तर हजारोंनी. तिथेही रोमन नाणी पुरली नाहीत, तेव्हा स्थानिक कारागिरांनी नकला पाडल्या. आणखी मागे जायचं तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून बनवलेली मातीची पदकं सापडली आहेत, तीही दोरा ओवायच्या कडीसकट. तिथे रोमन सम्राटाचं डोकं बाजारातून थेट गळ्यात गेलं होतं.