हौदा भरला, पण वजन किती भरलं?

डंपर म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचा हायवा आठवतो. बांधकामाच्या आवारात फिरणारा साइट डंपर निराळा. त्याचा हौदा पुढे असतो, इंजिन आणि चालक मागे. स्टिअरिंग फिरवलं की नुसती चाकं वळत नाहीत, अख्खी चेसिस मधल्या सांध्यात मुडपते, म्हणून अडचणीच्या जागेतही गाडी वळते. हा सांधा पिळही घेतो. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत.

हौदा घनमीटरने मोजतात, गाडीची क्षमता मात्र टनांत असते. सगळा घोळ इथेच होतो. मुरूम-वाळूचा हिशेब आपण ब्रासने करतो: 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण 1,600 किलो भरते, म्हणजे एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास. तीन टनी डंपरने ती दोन खेपांत न्यावी. चिंब वाळू घनमीटरला 1,900 किलोच्या पुढे जाते. कोरड्या वाळूने जेमतेम क्षमतेइतका भरणारा हौदा चिंब वाळूने तेवढाच भरला तर क्षमता ओलांडतो. गंमत म्हणजे नुसती ओलसर वाळू उलट हलकी भरते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. 5 टक्के ओलाव्याला ही फूग 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे ढिगाची उंची बघून वजनाचा अंदाज बांधू नये. काँक्रीट तर घनमीटरला 2,400 किलो, शिवाय वाहतं. ते काठोकाठ भरलं की पहिल्याच ब्रेकला पुढे सांडतं.

रिकामी गाडी मागे जड असते. माल भरला की भार पुढच्या आसावर येतो, आणि जॅकने हौदा उचलला की आणखी पुढे सरकतो. काळी माती इथेच दगा देते. ती हौद्याच्या तळाला धरून बसते, हौदा वर जातो, माल मात्र सुटत नाही. सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबतं आणि मागची चाकं उचलतात. अशा वेळी गाडी पुढे दामटून करकचून ब्रेक मारायची सवय अनेकांना असते. ती घातक आहे. हौदा खाली घ्यावा, इंजिन बंद करावं, माती फावड्याने मोकळी करावी. दिवसाअखेर हौदा धुतला तर ही वेळ सहसा येत नाही. उचललेल्या हौद्याखाली मात्र टेकू लावल्याशिवाय हात घालू नये.

माल ओतताना गाडी सरळ असावी. मुडपलेल्या गाडीचा आधार अरुंद होतो आणि ती कलंडते. खड्ड्याच्या कडेला चाक अडेल असा ओंडका घट्ट ठोकावा. नाहीतर माल अलीकडेच ओतून एक्स्कॅव्हेटरने ढकलावा. उतारावर भरला हौदा चढाच्या बाजूला राहील असं चालवायचं: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्समध्ये.

गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी, त्याच्या डोक्यावरची कमान (रोल बार) उभी असेल तर पट्टा बांधायचाच, कारण उलटणाऱ्या गाडीतून उडी मारणारा बहुधा तिच्याच खाली सापडतो. आणि एक्स्कॅव्हेटर माल भरत असताना चालकाने सीटवर बसू नये. खाली उतरून लांब उभं राहावं.