इंटरेस्ट नव्हता का संधी नव्हती? एका खटल्याची आणि एका इतिहासकार बाईंची पार्श्वभूमी

पुढच्या बैठकीत ज्या अमेरिकन इतिहासकार बाईंचा, अ‍ॅलिस केसलर-हॅरिस यांचा, निबंध वाचायचाय त्यांच्या मागचं थोडं सांगून ठेवतो, नाहीतर निबंधात मध्येच तो खटला येतो आणि सगळं डोक्यावरनं जातं.

जन्म १९४१ चा, इंग्लंडातला. आईवडील मध्य युरोपातनं निर्वासित होऊन आलेले, बालपण वेल्समध्ये, पंधरा व्हायच्या आत अमेरिका. १९६८ ला डॉक्टरेट झाली ती न्यूयॉर्कच्या ज्यू कामगारांवर, म्हणजे सुरुवातीला बायका हा त्यांचा विषयच नव्हता, तेव्हा कामगारांचा इतिहास म्हटला की युनियन, संप आणि पुढारी, आणि पुढारी सगळे पुरुष. सत्तरच्या दशकात स्त्री चळवळीनं वारं फिरवलं (आपल्याकडचा समान वेतनाचा कायदा पण १९७६ चाच बघा) आणि १९८२ मध्ये त्यांचा पगारी काम करणाऱ्या बायकांचा मोठा इतिहास छापून आला. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे हेही लिहिलं होतं की घर सांभाळायचं म्हणून बायका स्वतःच काही कामं धरायच्या, काही टाळायच्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढं हेच त्यांच्या अंगावर आलं.

आता खटला. १९७९ मध्ये नोकरीत समान संधी मिळते का बघणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगानं सीअर्स ह्या अवाढव्य रिटेल कंपनीला कोर्टात खेचलं. मुद्दा असा की फ्रिज, टायर, घर गरम करायच्या भट्ट्या असल्या महागड्या मालाची विक्री कमिशनवर, त्यात कमाई जास्त आणि तिथं बहुतेक पुरुष, आणि कपडे-कॉस्मेटिकच्या काउंटरवर ठरलेल्या पगारावर बायका. कंपनी म्हणाली आम्ही कुणाला अडवलं नाही, बायकांनाच त्या कामात इंटरेस्ट नाही, त्यांना चढाओढ नको, रिस्क नको, रात्रीची ड्युटी नको. आणि हे पटवायला कंपनीनं कोण उभं केलं तर स्त्रियांच्या इतिहासाचीच दुसरी एक अभ्यासक! तिनं साक्षीत आपल्या ह्या बाईंच्याच लिखाणाचे दाखले दिले. मग तिच्या साक्षीला उत्तर द्यायला आयोगानं ह्यांना साक्षीला बोलावलं. ह्यांचं म्हणणं साधं होतं, दार उघडलं तेव्हा तेव्हा बायका आत गेल्यात, दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातली जड कामं त्यांनीच केली, त्यामुळं आवड-निवड म्हणता ती समोर काय ठेवलंय त्यावर ठरते.

कोर्टाला हे पटलं नाही. १९८६ च्या सुरुवातीला निकाल कंपनीच्या बाजूनं गेला, न्यायाधीशांना दुसरीची साक्ष जास्त भरवशाची वाटली आणि ह्यांची विधानं फारच सरसकट. १९८८ ला अपिलातही तेच कायम. माझं मत विचाराल तर आयोगानं केस हातानं घालवली, कारण सगळा डोलारा आकडेवारीवर आणि मला कमिशनचं काम मागूनही दिलं नाही असं सांगणारी एकसुद्धा बाई साक्षीला नाही. आणि इतिहासकाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं की पुस्तकातलं ‘पण’ आणि ‘तरीही’ वकील ठेवून घेत नाहीत, हो का नाही एवढंच मागतात. निकालाच्या आधीच, १९८५ च्या डिसेंबरात, तिकडच्या स्त्री इतिहासकारांनी ठराव केला होता की आपला अभ्यास बायकांच्या विरोधात वापरू द्यायचा नाही. त्यावरनं पण जुंपली. पटो न पटो, अभ्यासक कुठल्याही बाजूनं बोलू शकतो असं एक टोक, आणि निष्कर्ष कुणाच्या कामी येतोय ते बघायलाच पाहिजे हे दुसरं. मी दुसऱ्या टोकाला, सांगून टाकतो.

हे लांबचं वाटत असेल तर कोल्हापूरच्या चप्पल लाईनला एक चक्कर मारा. चामड्याची वेणी घालायचं काम बहुतेक घरात बायका करतात आणि दुकानात गिऱ्हाईकाशी भाव करायला पुरुष बसलेला. बायकांना दुकानात बसायला आवडत नाही हे वाक्य तिथं ऐकू येतंच. इचलकरंजीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बायका आणि मागावर पुरुष, तिथं पण असंच काहीतरी उत्तर मिळतं.

हरल्यावर बाई थांबल्या नाहीत. १९९० ला बायकांचा पगार ठरतो कसा ह्यावर छोटं पुस्तक, १९९९ ला न्यूयॉर्कच्या मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकी, २००१ ला अजून एक जाडजूड ग्रंथ, त्याला तिथला इतिहासाचा मानाचा पुरस्कार, आणि पुढं अमेरिकेच्या इतिहासाच्या अभ्यासकांच्या मुख्य संघटनेचं अध्यक्षपद. त्या ग्रंथात त्यांनी टॅक्स, पेन्शन, बेकारभत्ता असले कायदे उलगडून दाखवलेत की ते लिहितानाच कमावता म्हणजे पुरुष आणि बाई त्याच्यावर अवलंबून असं धरून चालले होते. आपला निबंध ह्याच धाग्यातला आहे. वाचताना दर हंगामात आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्या डोळ्यासमोर ठेवा, तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते.