पाण्याखालची झाडे कुजून जातात, हा गैरसमज

जलाशय जुना झाला की बुडालेली झाडे कुजून नाहीशी होतात आणि मग होडी निर्धास्त हाकावी, असे मासेमारीच्या वर्तुळात वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि पाण्यात तो फारच कमी मिळत असल्याने बुडालेले खोड अनेक दशके टणक राहू शकते. लवकर कुजतो तो पाण्याच्या पातळीलगतचा, आलटून पालटून भिजणारा व सुकणारा भाग. तिथून शेंडा मोडून पडतो आणि वरून काहीच न दिसणारा, वीतभर पाण्याखाली दडलेला खुंट मागे उरतो. म्हणजे जुना जलाशय उलट अधिक फसवा.

ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या साध्या सोनार यंत्रावरही विसंबू नये, कारण ते होडीखालचे दाखवते, पुढचे नाही. अशा भागात वेग अगदी मंद ठेवावा, मोटर थोडी वर उचलावी आणि इंजिन बंद पाडणारी सुरक्षा-दोरी चालकाने अंगाला अडकवावी. होडी खुंटावर चढलीच, तर ती मागे खेचण्याआधी तळातून पाणी येते का ते पाहावे. कधीकधी पडलेले भोक त्या लाकडानेच बुजवून धरलेले असते.