बारावीनंतर रशियन शिकायचंय? कोकणातून अर्ज करताना काय काय लागतं

चौलच्या बंदरात उतरलेला अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी पुढे दाभोळहून परतीच्या जहाजात बसला, त्याला साडेपाचशे वर्षं होऊन गेली. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याच्याकडे इथे कुणी नॉन-क्रिमिलेअर मागितलं नसणार. तुम्हाला उलट्या दिशेने रशियनपर्यंत पोचायचं तर फाईल जाड करावी लागेल, आणि ती बारावीच्या दिवाळीतच करायला घ्या.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी थोडं रशियन यायला हवं का? नको. तेहेतीस अक्षरांच्या ओळखीपासून वर्गात शिकवतात. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेची बारावी चालते. रशियन साहित्य आणि इतिहास यांच्यासाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. पदवीच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला भाषेचा भर असतो, मग साहित्य, संस्कृती, इतिहास, अनुवाद असं ते पुढे सरकतं.

पूर्णवेळ पदवीसाठी नाव घ्यावं असं ठिकाण म्हणजे दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू. तिथे बी.ए. ऑनर्स रशियन आहे. पात्रता बारावीला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना सवलत. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय परीक्षेच्या गुणांवर होतो. ती परीक्षा तेरा भाषांत होते, मराठीतही. पण भाषा विषय म्हणून जेएनयूला इंग्रजीचा पेपर आणि सोबत सामान्य क्षमता चाचणी धरली जाते. नुसता मराठीचा पेपर निवडलात तर परीक्षा देऊनही रशियनसाठी उपयोग शून्य. त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत विषय ताडून मगच फॉर्म भरा.

अर्ज दोन आहेत, आणि इथेच बरेच जण फसतात. पहिला सीयूईटीचा, वर्षाच्या सुरुवातीला, नेमका बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत. दुसरा निकालानंतर जेएनयूच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सीयूईटीचा अर्ज क्रमांक घालून, भाषांचे पसंतीक्रम देऊन. गुण चांगले पडले म्हणून घरी वाट पाहत बसलात तर कुणी बोलावणार नाही. पसंतीक्रमात रशियन पहिलं हवं असेल तर पहिलंच टाका. ‘आधी फ्रेंच मिळतंय का बघू’ असं करून नंतर हळहळण्यात अर्थ नाही.

पहिल्या अर्जाला लागतं थोडं: फोटो, सही, आधार, दहावीची गुणपत्रिका आणि प्रवर्गाचा दाखला. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच लिहायचं. आपल्या बोर्डात आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव एकीकडे ‘चंद्रकांत’ तर दुसरीकडे ‘चंद्रकात’. असला अनुस्वार आधार केंद्रावर आधीच दुरुस्त करून घ्या.

आता दाखल्यांचं. ओबीसी असाल तर सेतूत मिळणारं नेहमीचं, राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेअर केंद्रीय विद्यापीठाला चालत नाही. केंद्र शासनाच्या नमुन्यातलं हवं, असं अर्ज देतानाच स्पष्ट सांगा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना ते बघा. एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा दाखला हे फक्त राज्याचं आरक्षण. दिल्लीत त्याचा उपयोग नाही. अशा घरांनी ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण बघावं: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी. इथे कोकणातला सातबारा आडवा येतो. एका सर्व्हे नंबरवर पणजोबांपासूनची वीस-बावीस नावं, निम्मी मुंबईत, दोघं-तिघं वारलेली, आणि क्षेत्र एकत्र लिहिलेलं. तुमच्या वाट्याचं किती, हे तलाठ्याकडून लेखी घेतलंत तर तहसीलमधले हेलपाटे कमी होतात. ईडब्ल्यूएस दाखला त्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एक एप्रिलनंतर ताजा काढावा लागतो. कागद मात्र आधीच जमवून ठेवा.

दिल्ली नको असेल तर मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग कलिन्याला आहे आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत परकीय भाषा विभाग. दोन्हीकडे प्रमाणपत्र, पदविका अशी पायरीपायरीने भाषा शिकता येते, दुसरी पदवी चालू ठेवूनही. पण अलिबागहून रोज कलिना हे जमणारं काम नाही, रत्नागिरीहून तर विचारूच नका. मुंबईत राहायला नातेवाइकाची खोली असेल तरच हा मार्ग सोपा.

थेट रशियात शिकायचं तर रशियन सरकारची शिष्यवृत्ती असते. अर्ज त्यांच्या पोर्टलवर, जास्तीत जास्त सहा विद्यापीठांची निवड. पहिली चाळणी भारतात, दुसरी विद्यापीठांकडे. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष पूर्वतयारीचं. शिकवणीचे पैसे लागत नाहीत आणि विद्यावेतनही मिळतं, पण विमानाचं तिकीट आणि राहण्याखाण्याचा बराचसा खर्च आपला. पासपोर्ट, गुणपत्रिकांची रशियन भाषांतरं आणि एचआयव्ही चाचणीसह वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पासपोर्टला पोलीस पडताळणी असते, तेव्हा तो सर्वांत आधी काढा.

जेएनयूत निवड झाली की मूळ कागदांत शाळा सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागतात. मायग्रेशन बोर्ड देतं: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलांना कोकण विभागीय मंडळ, ते रत्नागिरीतच आहे; रायगडच्या मुलांना मुंबई विभाग. निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. आणि तिकिटाचंही तेव्हाच बघा. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीहून थेट दिल्लीला निजामुद्दीनपर्यंत जाते, पण प्रवेशाचे दिवस पावसाळ्यातले. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या हळू धावतात, आणि परतीला गणपतीची गर्दी.