टी-पेशीला फुटणारे कान

पावसाळा सरत आला की पुण्यात घरोघरी एकच चौकशी असते : प्लेटलेट किती? डेंग्यूच्या रिपोर्टवर तो आकडा असतो. त्याच रक्तात टी-पेशींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, केवढी उलथापालथ चाललेली असते, ते मात्र त्या कागदावर येत नाही.

विषाणूचा तुकडा ओळखला की टी-पेशीच्या पृष्ठभागावर काही तासांतच सीडी-69 हे प्रथिन उमटते. साधारण दिवसभरात सीडी-25 दाटीने दिसू लागते. (पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना असे सीडी-क्रमांक देण्याची पद्धत 1982 च्या पॅरिस परिषदेपासूनची.) यांना 'खुणा' म्हणतात, पण मला तो शब्द अपुरा वाटतो. सीडी-25 हा पेशीचा कान आहे. इंटरल्यूकिन-2 नावाचा निरोप्या रेणू ज्या रिसेप्टरवर बसतो, त्याच्या तीन भागांपैकी हा एक. उरलेल्या दोघांवरही निरोप पोचतो, पण सीडी-25 जोडीला आला की पकड सुमारे 100 पट घट्ट होते. आणि खरी गंमत पुढेच आहे. इंटरल्यूकिन-2 पेशीला आणखी सीडी-25 बनवायला लावते. ऐकावे तितके कान वाढतात, कान वाढावेत तितके जास्त ऐकू येते आणि पेशी भराभर दुभंगत जाते. यातले काही सीडी-25 सुटून रक्तात उतरते. डेंग्यूच्या रुग्णांत त्याची पातळी वाढलेली आढळली आहे.

निरोप बदलला की पृष्ठभाग बदलतो. गॅमा इंटरफेरॉन या निरोप्यामुळे मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीवरचे एचएलए-डीआर (जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे प्रथिन) वाढते, इंटरल्यूकिन-10 ते घटवते. आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींत अ जीवनसत्त्वापासून बनलेले रेटिनॉइक आम्ल भेटले, तर टी-पेशीवर तिला आतड्याकडे नेणारे सीसीआर-9 येते.

गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी हे फ्लो सायटोमीटरवर पाहतात : चमकणारी प्रतिपिंडे चिकटवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. तिथे एकाच खुणेवर विसंबून चालत नाही, कारण लढाई आवरणाऱ्या नियामक टी-पेशींवरही सीडी-25 भरपूर असते. जपानी संशोधक शिमॉन साकागुची यांनी 1995 मध्ये उंदरांत त्या याच खुणेवरून वेगळ्या काढल्या. 2025 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये साकागुचींचा वाटा आहे. माणसांत त्या ओळखायला सीडी-127 हा दुसरा कानही तपासतात. तो इंटरल्यूकिन-7 साठीचा, आणि नियामक पेशींवर अगदी कमी. या पेशी स्वतः इंटरल्यूकिन-2 जवळजवळ बनवतच नाहीत. लढणाऱ्या पेशींनी सोडलेलेच टिपून घेतात.