डबा पाठीवर की वल्ह्यावर?

मी पोहायला शिकलो काटोलकडच्या मामाच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीत. पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा आणि वरच्या पायरीवरून मामाचा आवाज : "हात मार, डबा हाय ना!" त्याआधीच्या पिढीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड मिळायची. त्यामुळे रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या पाण्यात कयाक, म्हणजे दोन टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, घालायचं ठरलं, तेव्हा पहिला विचार हाच आला की चार रिकाम्या बाटल्या अंगाला बांधू, लाइफ जॅकेटवर कशाला पैसे घालवायचे?

हिशेब तर बरोबर होता. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वरच्या दिशेने मिळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली स्वतः जेमतेम ५० ग्रॅमची, म्हणजे ती साधारण १.९५ किलो उचलते. छातीभर श्वास घेतलेला माणूस बहुधा पाण्याहून किंचित हलकाच असतो. आधार लागतो तो साडेचार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर ठेवायला. चार बाटल्यांचे ७.८ किलो झाले. मग अडलं कुठे?

अडलं ते डबा बांधायच्या जागेपाशी. शिकणाऱ्याला पालथं तरंगत ठेवणं हेच पाठीवरच्या डब्याचं काम. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या पाठीवर तोच डबा असेल तर डबा वर आणि तोंड पाण्यात. म्हणून लाइफ जॅकेटात फोम छातीशी आणि मानेभोवती जास्त असतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १०० न्यूटन (साधारण दहा किलो उचलणारा रेटा) आणि त्यापुढच्या वर्गातली जॅकेटं बेशुद्ध माणसाला उताणं करण्याच्या दृष्टीने बनवतात. कयाकवाले बहुतेक ५० न्यूटन वर्गातलं घालतात, कारण त्यात हात मोकळे राहतात. पण तेसुद्धा फक्त शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी. दोरीने बांधलेल्या बाटल्या पाण्यात पडताच काखेतून सरकून कानाशी येतात, ही वेगळीच गंमत. जॅकेट विकतचं, प्रमाणित आणि आपल्या मापाचंच घ्यावं. तिथे मी काटकसर करत नाही.

काटकसर वल्ह्यावर करतो. कयाक उलटली की पाण्यातून पुन्हा तिच्यावर चढताना ती परत कलंडते. तेव्हा वल्ह्याच्या एका पात्याला तरंगता आधार बांधून वल्हं आडवं धरायचं आणि दुसरं पातं बैठकीच्या मागे दाबून ठेवायचं. डोंग्याशेजारी डोंगा बांधून केलेल्या सांगडीची हीच युक्ती. चार बाटल्यांचा ७.८ किलोचा रेटा नावेच्या मध्यापासून दीड मीटरवर असला, तर ६० किलोचा माणूस त्या बाजूला जवळपास २० सेंटिमीटर झुकला तरी तो रेटा त्याला तोलून धरतो. तरफेचा चमत्कार! अट एकच, आपलं वजन त्या आधाराच्या बाजूला टाकायचं. उलट बाजूला झुकलात तर बाटल्या हवेत आणि तुम्ही पुन्हा पाण्यात.

माझा हा तरंगता आधार कांद्याच्या जाळीदार पिशवीचा आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बाटल्या आणि जुन्या दप्तराचा बक्कल लावलेला पट्टा. आधी फोम घालून पाहिला होता. गादीचा उरलेला स्पंज आणि टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंगचा फोम असे दोन तुकडे कूलरच्या टाकीत वरवंट्याखाली रात्रभर दाबून ठेवले. सकाळी स्पंज उचलवेना, कारण त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात आणि पाणी थेट आत शिरतं. पॅकिंगच्या फोमची छिद्रं बंद असतात, तो वरवर पुसला की कोरडा. फोम हवा असेल तर हाच घ्यावा, फक्त उन्हात टाकू नये. त्याचा पुढे भुगा होतो.

नावेच्या दोन्ही टोकांतही अशाच बाटल्या कोंबून, मुख्य म्हणजे बांधून ठेवाव्यात. बाटलीने अडवलेल्या जागेत पाणी शिरू शकत नाही. आत बसायच्या कयाकमध्ये शेकडो लिटर पाणी मावतं, आणि ते इकडून तिकडे हिंदकळायला लागलं की नाव सरळ उभी राहत नाही.

आता नागपूरच्या उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर बाटल्यांची टोपणं घट्ट लावली. आतली हवा ६० अंशांच्या आसपास तापलेली असणार. त्याच बाटल्या कूलरच्या गार पाण्यात टाकल्यावर कडकड आवाज करत पिचकल्या. ६० वरून २७ अंशांवर आली की हवा जवळपास दहा टक्के आकसते, म्हणजे उचलण्याची ताकदही तेवढी घटते. म्हणून टोपणं उघडी ठेवून बाटल्या आधी सावलीत गार होऊ देतो. मग टोपण लावायच्या आधी प्रत्येकीत एक फुंकर मारतो.