उन्हाने पिकलेली काच

माझ्या टेबलावर काचेची एक जाडजूड टोपी आहे, तारायंत्राच्या तारेचा जुना इन्सुलेटर (विद्युतरोधक). चार इंच उंच, फिकट समुद्री रंगाची, अंगावर कंपनीचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक उठवलेला: हेमिंग्रे ४२. आत बोट घातलं की आटे लागतात. अमेरिकेत रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब जात, त्यांच्या आडव्या दांड्यावरच्या खुंटीवर अशी टोपी पिळून बसवत आणि तिच्या खाचेला तार बांधत. आट्यांचं पेटंट १८६५ सालचं. त्याआधीच्या बिनआट्यांच्या टोप्या वाऱ्याने तार हलली की खुंटीवरून निसटत.

ओल्या खांबातून वीज जमिनीत गळू नये, एवढंच तिचं काम. म्हणून घेर छत्रीसारखा, आतली बाजू कोरडी ठेवणारा. १८९३ मध्ये हेमिंग्रेने काठाला बारीक दाणे दिले, पाणी तिथे जमून टपकून जावं म्हणून.

रंगाशी कंपन्यांना देणंघेणं नव्हतं. स्वस्त वाळूत लोह असतंच, त्याने काच हिरवट-निळी होते. ती झाली सामान्य. कोबाल्टने गडद निळी झालेली किंवा लोह, गंधक आणि कार्बन जुळून मधासारखी तपकिरी झालेली सापडली, तर संग्राहक वेडे होतात.

मला मात्र जांभळीचं कौतुक जास्त. लोहाचा हिरवेपणा मारायला काही कारखाने वितळत्या काचेत मँगनीज घालत. टोपी खांबावर चढताना जवळजवळ बिनरंगी असे. मग वर्षानुवर्षं ऊन खाताना अतिनील किरणांमुळे मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि काच हळूहळू जांभळी होते. मायकेल फॅरडेने खिडकीच्या काचांत हा बदल १८२०च्या दशकातच टिपला होता. डेन्व्हरमध्ये घडलेल्या जांभळ्या टोप्या आज प्रसिद्ध आहेत.

तारा उतरवताना कितीतरी टोप्या खांबाच्या बुडाशीच पडून राहिल्या. शोधणारे बंद पडलेल्या मार्गांवर, गवत वाढायच्या आत, काठीने माती उकरत जातात. रेल्वेची जमीन खासगी मालमत्ता असते, परवानगीशिवाय शिरलात तर गुन्हा. त्यामुळे बरेच जण सरळ विकत घेतात आणि तिथेच फसतात. बिनरंगी टोपी गॅमा किरणांखाली धरली की पन्नास वर्षांचं ऊन काही तासांत उरकतं आणि ती जांभळी म्हणून विकता येते. असा माल बहुधा नको इतका गडद असतो.

आपल्याकडच्या खांबांवर बहुतेक चिनी मातीच होती. ती उन्हात कितीही राहिली तरी पांढरीच.

माझी ४२ मी खिडकीत ठेवून पाहिली होती, सहा महिने. नंतर लक्षात आलं, ती हिरवट आहे याचा अर्थच तिच्यात पुरेसं मँगनीज नाही.